वेतनातील लेकराचा वाटा

विवाहाची नोंद करायला येणाऱ्या तरुण-तरुणींना आम्ही धर्मगुरू पुष्कळ प्रश्न विचारतो. बाप्तिस्मा कोठे झाला, दृढीकरण झाले आहे काय, हा विवाह कुणाच्या दडपणाखाली तर होत नाही ना, असे ते प्रश्न असतात. त्यांतच एक प्रश्न अपत्यांविषयी असतो. देव देईल ती मुले स्वीकारून त्यांचे नीट संगोपन कराल ना? या प्रश्नापाशी बहुतेक जोडपी लाजून हसतात आणि ‘हो’ म्हणतात. मी ते उत्तर लिहून घेतो, दोघांच्या सह्या घेतो. गेली पंचवीस वर्षे हे काम करताना त्या ‘हो’विषयी एक गोष्ट मला सतत जाणवत आली आहे. बाकीची वचने ही माणसे एकमेकांना देतात. हे एक वचन मात्र ती अजून जन्मालाही न आलेल्या तिसऱ्या जिवाला देतात, आणि ते वचन मोडले तर जाब विचारायला तो जीव बहुधा फारच लहान असतो.

पुढे काही संसार मोडतात. आपल्या समाजात असे होत नाही, असे म्हणण्याचे दिवस केव्हाच सरले. संसार मोडला की दोघे आपापसांतील वचनांचा हिशेब मांडू लागतात. कोण आधी चुकले, कोण किती बोलले, सासरच्यांनी काय केले, माहेरच्यांनी काय केले, हा हिशेब वर्षानुवर्षे चालतो. त्या तिसऱ्याला दिलेल्या वचनाची आठवण मात्र शाळेच्या फीच्या आणि किराण्याच्या उधारीच्या रूपाने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होते. त्या वचनाविषयी, आणि ते पाळले जावे यासाठी कायद्याने घालून दिलेल्या एका साध्या, कोरड्या वाटेविषयी मला येथे लिहायचे आहे. ती वाट म्हणजे मुलाच्या पोटगीची रक्कम बापाच्या पगारातून परस्पर कापून घेणे.

‘पोटगी’ हा शब्द आपण हलक्या आवाजात उच्चारतो. खरे पाहता शब्द किती सरळ आहे! पोटासाठी जे द्यायचे ती पोटगी. जुन्या मराठीत कुणाच्याही निर्वाहासाठी बांधून दिलेल्या नेमणुकीला पोटगी म्हणत आणि त्यात कमीपणा नव्हता. कोर्टकचेरीच्या वाऱ्याने हा शब्द कडू झाला. आता तो ऐकला की लोकांना रागावलेली बायको आणि नाडलेला नवरा दिसतो. ज्याच्या पोटासाठी तो शब्द जन्मला, ते लेकरू त्या चित्रात कोठेच नसते.

सुमारे अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. ती पापनिवेदनातील नाही, कचेरीच्या टेबलासमोरची आहे. संबंधितांना विचारूनच ती लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्या धर्मग्रामातील एक बाई नवऱ्यापासून वेगळी राहत होती. एका शाळेत ती मदतनीस होती. मुलगा नऊ वर्षांचा. नवरा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रावर काम करीत असे. तो दारुडा नव्हता, मारकुटाही नव्हता. दोघांचे पटले नाही आणि दोन्ही घरच्या मोठ्या माणसांनी आगीत तेल ओतले, एवढेच. मुलाच्या खर्चासाठी दरमहा काही रक्कम द्यायची, असे चार माणसांसमोर ठरले होते. परंतु ती तिच्या हाती द्यायची नाही, मुलाने येऊन न्यावी, अशी त्याची अट होती. त्या निमित्ताने मुलगा भेटतो, असे त्याचे म्हणणे होते.

त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात सात तारखेपर्यंत पगार होणे आवश्यक असे. म्हणून दर महिन्याच्या सात तारखेला तो मुलगा शाळेतून परस्पर कारखान्याच्या फाटकाशी जाई आणि पहिली पाळी सुटण्याची वाट पाही. कधी पैसे मिळत. कधी निम्मे मिळत. कधी ‘पुढच्या आठवड्यात ये’ असे उत्तर मिळे. आदल्या दिवशी दोघांचे फोनवर भांडण झालेले असले, तर बाप दुसऱ्या फाटकाने निघून जाई. फाटकावरचा पहारेकरी भला माणूस होता. तो मुलाला आपल्या स्टुलावर बसवून घेई आणि साडेचारच्या सुमारास सांगे, “बाळा, आता घरी जा.”

त्याच्या आईने हे मला सांगितले तेव्हा पैशांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीने ती हादरली होती. मुलगा तिला म्हणाला होता, “आई, सहा तारखेला पप्पांशी भांडू नकोस. आठ तारखेला भांड.” नऊ वर्षांच्या पोराने बापाच्या मनःस्थितीचे पंचांग मांडले होते. वाचकहो, बापाच्या प्रेमावर ज्याने निर्धास्त विसंबून राहायचे, त्या वयात तो मुलगा बापाच्या लहरीचा अभ्यास करीत होता. मला वाटते, वेळेवर न मिळालेल्या पोटगीने होणारी सर्वांत मोठी हानी ही आहे. भुकेपेक्षाही ती खोल जाते.

अशा वेळी कायदा काय देतो, ते थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. कारण आपल्या लोकांत त्याविषयी फार अज्ञान आहे. पत्नी, मुले आणि आईवडील यांच्या निर्वाहाचा सर्वांना ठाऊक असलेला आधार म्हणजे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५. आता १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. हे कलम सर्व धर्मांच्या लोकांना सारखेच लागू आहे. जुन्या कलमात एक विचित्र गोष्ट होती. केंद्रीय कायद्याने पोटगीला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली होती आणि ती २००१ च्या दुरुस्तीने हटेपर्यंत टिकून होती. नव्वदीच्या दशकात त्या पाचशे रुपयांच्या आदेशाचा कागद छातीशी धरून आलेल्या बाया माझ्या पिढीच्या धर्मगुरूंनी पाहिल्या आहेत. याच २००१ साली ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही दुरुस्ती झाली. दावा चालू असताना पत्नीला द्यावयाची पोटगी पतीच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून अधिक असू नये, असे बंधन त्यात होते, ते गेले.

परंतु आदेश मिळणे निराळे आणि पैसे मिळणे निराळे. कलम १२५ खाली पैसे थकले, की थकबाकी वर्षभराच्या आत मागावी लागे. न्यायालय वॉरंट काढी आणि तरीही न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देता येई. नव्या कलमातही हीच रचना आहे. भीती म्हणून तिचा उपयोग होतो, हे मी नाकारीत नाही. पण बाप तुरुंगात गेला म्हणून मुलाच्या ताटात भाकरी पडत नाही; उलट त्याची नोकरी गेली, तर उद्याचीही भाकरी जाते. शिवाय ‘तुझ्या आईने मला आत टाकले’ हे वाक्य त्या मुलाला आयुष्यभर ऐकावे लागते.

म्हणून दुसरी वाट अधिक शहाणपणाची वाटते. दिवाणी प्रक्रिया संहितेत ती फार पूर्वीपासून आहे. एरवी कर्जाच्या वसुलीसाठी पगारावर जप्ती आणायची झाली, तर पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग कायदा नोकरदाराकडे सुरक्षित ठेवतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र केवळ एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. म्हणजे अठरा हजार पगार असेल, तर सावकाराच्या हुकूमनाम्यावर साडेपाच-पावणेसहा हजारांपर्यंतच हात जाऊ शकतो. लेकराच्या पोटगीसाठी तो बारा हजारांपर्यंत जाऊ शकतो. एवढे कापतातच असे नव्हे. ती शेवटची सीमा आहे. पण त्या सीमेवरून कायद्याच्या लेखी कोणते देणे वडीलकीचे आहे, ते कळते. न्यायालयाचा आदेश पगार देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. सरकारी नोकर असो वा खासगी, दरमहा ती रक्कम रोखून न्यायालयाकडे पाठविणे हे त्या अधिकाऱ्याचे काम ठरते. आदेश डावलून मालकाने सगळा पगार कामगाराच्या हाती दिला, तर तेवढ्या रकमेला मालक स्वतः जबाबदार होतो.

याहून सोपा मार्ग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने खुला केला. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. हिंसाचार म्हटले की आपल्याला मारहाण आठवते. परंतु या कायद्याने आर्थिक छळही त्यात धरला आहे. हक्काचा निर्वाहखर्च रोखून धरणे हा तसा छळ होय. या कायद्याच्या कलम २० खाली दंडाधिकारी स्त्रीला आणि तिच्या मुलांना निर्वाहखर्च मंजूर करू शकतात. नवऱ्याने तो दिला नाही, तर त्याच्या मालकाला थेट आदेश देऊ शकतात, की याच्या पगारातील अमुक भाग परस्पर त्या स्त्रीला द्या किंवा न्यायालयात जमा करा.

त्या बाईने हाच मार्ग धरला. तिला वकील करणे परवडण्यासारखे नव्हते. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. सीबीएसजवळच्या न्यायालयाच्या आवारात तिने बऱ्याच खेपा घातल्या. आदेश झाला. नवऱ्याने दोन महिने पैसे भरले, तिसऱ्या महिन्यापासून थांबविले. पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. अखेर दंडाधिकाऱ्यांनी कारखान्याला कळविले, आणि पुढच्या पगारापासून मुलासाठी चार हजार रुपये तिच्या बँकेच्या खात्यावर जमा होऊ लागले. तिने मला पासबुक दाखविले. त्या नोंदीत कुणाचा राग नव्हता, उपकार नव्हता, टोमणा नव्हता. तारीख आणि आकडा, एवढेच होते. त्या महिन्यापासून सात तारखेला मुलगा शाळेतून थेट घरी येऊ लागला.

काही दिवसांनी बाप माझ्याकडे आला. तो लहानपणी वेदीसेवक होता, म्हणून माझ्याशी मोकळेपणाने बोलत असे. तो फार संतापलेला होता. “फादर, चोरी केल्यासारखं वाटतं. पगाराच्या कागदावर कोर्टाचं नाव आलं. अकाउंट्समधला पोरगा माझ्याकडे बघून हसतो. मी काय पैसे देत नव्हतो का?”

“देत होतास,” मी म्हणालो. “पण या महिन्यात देणार आहेस की नाही, हे तुझ्या मुलाला कधी आधी कळत होतं का?”

तो काही बोलला नाही. मी त्याच्याकडून पगाराचा कागद मागून घेतला आणि आम्ही दोघांनी तो वाचला. भविष्य निर्वाह निधी होता. व्यवसाय कराचे दोनशे रुपये होते. पतपेढीचा हप्ता होता. त्याने मोटरसायकल घेतली होती. मी विचारले, “या हप्त्याची तुला लाज वाटते का?” तो म्हणाला, “त्यात लाज कसली? ते कर्ज आहे, मी घेतलंय.” मी खालच्या ओळीवर बोट ठेवले. “आणि ही ओळ?” तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला. मग घडी घालून तो खिशात ठेवला आणि उठून गेला. त्याचे समाधान झाले, असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर ती ओळ माझ्याही मनातून गेली नाही.

पगार कुणाचा असतो? सहज उत्तर येईल की जो घाम गाळतो त्याचा. ते खोटे नाही. पण ते पुरे नाही. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात किमान वेतन कसे ठरवावे, याचे सूत्र मान्य झाले. त्यात एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग-एकके धरली आहेत. या तिनाची फोड अशी करतात : कामगार स्वतः एक, पत्नी शून्य पूर्णांक आठ दशांश आणि दोन मुले प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा दशांश. या एककांना किती उष्मांकांचे अन्न लागेल, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड किती रुपयांना पडेल, घरभाडे किती, जळण किती, असा तो हिशेब आहे. पुढे १९९१ मध्ये रॅप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले.

प्रत्येक मालक या सूत्राने पगार देतो असे नाही, हे मलाही कळते. तरी या सूत्रामागील विचार किती मोलाचा आहे! कामगाराला पगार देताना समाज त्याच्या एकट्याच्या पोटाकडे पाहत नाही. त्याच्यामागे उभ्या असलेल्या तीन पोटांकडेही पाहतो. लेकराचे ते सहा दशांश एकक पगाराच्या पायातच घातलेले आहे. मग बाप घर सोडून गेला, म्हणून ते त्याचे एकट्याचे कसे होईल?

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून वेगळी नाही. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न हाती घेतला. चाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, पोप पायस अकरावे यांनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’मध्ये स्पष्टच सांगितले, की कामगाराला त्याचा स्वतःचा आणि त्याच्या कुटुंबाचा निर्वाह होईल एवढे वेतन मिळाले पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये ‘लाबोरेम एक्झेरचेन्स’मध्ये पुन्हा कौटुंबिक वेतनाचा आग्रह धरला. मालकासमोर उभे राहून ही शिकवण सांगणे आपल्याला आवडते. मालकाने कुटुंब धरून पगार द्यावा, असे म्हणणाऱ्या कामगाराने तो पगार कुटुंब धरूनच घरी न्यायला हवा, ही तिची दुसरी बाजू आहे. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे बजावले आहे, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. लेकराचा जीवही त्याच मजुरीत अडकलेला असतो.

येथे आपल्या समाजापुरता एक गैरसमज दूर करणे भाग आहे. काही जणांना वाटते, की धर्मप्रांताच्या न्यायासनाने विवाह मुळातच अवैध होता असा निवाडा दिला, की मागचे सगळे पुसले गेले; मुलांचे देणेही संपले. हे साफ चूक आहे. पहिली गोष्ट म्हणजे अशा निवाड्याने देशाच्या कायद्यापुढे विवाह संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तसे सांगितले आणि २०१७ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. दुसरी गोष्ट अशी, की ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदाच या समजुतीच्या विरुद्ध आहे. निदान एका पक्षाने तरी सद्‌भावनेने केलेला विवाह पुढे अवैध ठरला, तरी त्यातील मुले औरसच राहतात, असे कलम ११३७ सांगते. पतीपत्नी विभक्त झाली, तर मुलांच्या निर्वाहाची आणि संगोपनाची योग्य तरतूद नेहमीच झाली पाहिजे, असे कलम ११५४ सांगते. निवाडा देतानाच दोन्ही पक्षांना एकमेकांविषयीच्या आणि मुलांविषयीच्या नैतिक व नागरी कर्तव्यांची आठवण करून द्यावी, असेही कलम १६९१ मध्ये घातलेले आहे. विवाह नव्हताच असे म्हणता येते. मूल नव्हतेच असे कोणत्याही न्यायासनाला म्हणता येत नाही.

पगारातून कपातीची ही वाट सर्वांसाठी मोकळी नाही, ही दुःखाची गोष्ट आहे. जिथे पगाराचा कागद आहे, तिथवरच ती जाते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीच्या हंगामात टोळीने राबणाऱ्या मजुराच्या कोणत्या पगारातून काय कापायचे? भाड्याची रिक्षा चालविणाऱ्याचे काय? ठेकेदाराकडे सहा महिने एका नावाने आणि सहा महिने दुसऱ्याच ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला आदेश पोहोचेपर्यंत तो तिसरीकडे गेलेला असतो. कपात सुरू झाली म्हणून कायम नोकरी सोडून देणारे, भावाच्या दुकानात ‘बिनपगारी’ बसणारे बापही मी पाहिले आहेत. न्यायालये हे ओळखतात. धडधाकट माणसाला ‘मला उत्पन्नच नाही’ असे म्हणून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

या बाबतीत एक महत्त्वाचा निर्णय आपल्या महाराष्ट्रातूनच, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातील एका प्रकरणातून पुढे आला. तेथे आईला आणि लहान मुलाला २०१५ मध्ये अंतरिम पोटगी मंजूर झाली. ते भांडण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी आणि तिच्या आदेशाची दिवाणी हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी करता यावी, असे न्यायालयाने देशभरासाठी ठरवून दिले. अंतरिम आदेशापासून या निकालापर्यंत पाच वर्षे उलटली होती. या पाच वर्षांत मूल किती वाढते, ते आयांनाच विचारावे.

अमेरिकेने याबाबत वेगळा विचार केला. तेथील १९८८ च्या कायद्यानुसार १९९४ पासून मुलाच्या निर्वाहाचे बहुतेक नवे आदेश पहिल्या दिवसापासूनच पगारातून वसूल होतात. बापाने पैसे थकविण्याची वाट पाहिली जात नाही. १९९६ च्या कायद्यानुसार मालकाला नव्या नोकरदाराची माहिती सरकारला कळवावी लागते, म्हणजे नोकरी बदलली तरी आदेश त्याच्या मागोमाग पोहोचतो. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हेच नियम लागू होतात. आपल्याकडे २००५ च्या कायद्यातील कपात पैसे थकल्यानंतर येते. त्यामुळे ती शिक्षेसारखी दिसते, आणि कारखान्यातील पोरगा हसतो. सगळ्यांचीच पहिल्या दिवसापासून होत असती, तर भविष्य निर्वाह निधीसारखी तीही एक निमूट ओळ झाली असती. मला ही कल्पना मनापासून पटते. बापावर अविश्वास म्हणून नव्हे, तर त्याला दर महिन्याला परीक्षेला बसावे लागू नये म्हणून.

कारण या व्यवस्थेचा लाभ बापालाही होतो. पैसे आणि भेट या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, की भेट खरी भेट होते. ‘पैसे दिले नाहीत तर मुलाला भेटू देणार नाही’ असे आईने म्हणू नये, आणि ‘भेटू देत नाहीस तर पैसे देणार नाही’ असे बापाने म्हणू नये. दोन्ही हक्क मुलाचे आहेत. ते एकमेकांच्या बदल्यात गहाण ठेवण्याचा अधिकार दोघांनाही नाही. या गोष्टीतील बाप कपात सुरू झाल्यावर तीन-चार महिने मुलाकडे फिरकला नाही. मग एका रविवारी मिस्सानंतर तो चर्चच्या आवारात मुलाशी बोलत उभा असलेला मी पाहिला. त्याच्या हाती पाकीट नव्हते आणि मुलाच्या डोळ्यांत वाट पाहणे नव्हते. दोघे क्रिकेटविषयी बोलत होते.

सगळे गोड झाले, असे मात्र नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला, त्या महिन्यात बापाने वकिलाकरवी कपात थांबविली. सज्ञान आणि सुदृढ मुलाची पोटगी थांबते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता. मुलगा तेव्हा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता. आई पुन्हा कोर्टात जावे का, म्हणून विचारू लागली. मुलगाच म्हणाला, “नको. आता मी मोठा आहे, मीच विचारतो.” त्याने फीच्या पावतीची प्रत जोडून बापाला एक साधे पत्र लिहिले. बापाने निम्मी फी भरली. निम्मीच का, ते त्याने सांगितले नाही आणि मुलाने विचारले नाही. परंतु जो मुलगा नवव्या वर्षी बापाची मर्जी सांभाळीत होता, तो अठराव्या वर्षी त्याच्याकडे सरळ मागू शकला. मधल्या वर्षांत दर महिन्याला न चुकता आलेल्या चार हजारांनी त्याला हा ताठपणा दिला, असे मला वाटते.

आपल्या धर्मग्रामांतून यासंबंधी करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फारसा खर्च नाही. विवाहपूर्व मार्गदर्शनात आपण संसाराच्या अर्थकारणाचा एक तास घेतो. त्यात मुलाच्या वाट्याविषयी दहा मिनिटे स्पष्ट बोलावे. वेगळ्या झालेल्या जोडप्यांत मध्यस्थी करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ‘मुलाने येऊन पैसे न्यावेत’ असली अट कधीही मान्य करू नये. रक्कम ठरली, तर ती बँकेतून आईच्या खात्यावर जाईल आणि कोणत्या तारखेला जाईल, हे कागदावर लिहून घ्यावे. समजूतदार बाप आपणहून बँकेला तशी कायम सूचना देऊ शकतो. त्याला कोर्टाची गरजही पडत नाही. जिथे समजूत चालत नाही, तिथे त्या आईला विधी सेवा प्राधिकरणाच्या दारापर्यंत सोबत द्यावी. तिच्याबरोबर एक शहाणी बाई पाठवावी. आणि ज्याच्या पगारातून कपात होते, त्याच्याकडे पाहून कुणी हसू नये. दर महिन्याला एका लेकराचा वाटा त्याच्या घामातून वेगळा होऊन योग्य ठिकाणी पोहोचतो आहे. मालकाच्या हातून का होईना, त्या विवाहाच्या कागदावरील ‘हो’ अजून पाळला जात आहे.